खोबऱ्याची वाटी आणि विमानाचे नियम

आजच्या भाषणाचा विषय मला विमानतळाने दिला, आणि तो विषय घेऊन बोलण्याची गरज माझ्या आईने निर्माण केली. तेव्हा सुरुवात घरापासूनच करतो.

गेल्या वैशाखात भाचीच्या लग्नासाठी आम्ही उभयता दिल्लीला गेलो. आईला प्रवास झेपत नाही, म्हणून तिने ओटीचं सामान आमच्याबरोबर दिलं: पाच नारळ, खोबऱ्याच्या वाट्यांची एक पुडी, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका. सगळं एका नव्या खणात बांधलेलं. काउंटरवरच्या मुलीने अगत्याने विचारलं, "नारळ आहेत का?" मी आहेत म्हटलं. "मग मोठ्या बॅगेत टाका, हातात चालणार नाहीत." आम्ही टाकले. पाऊण तासाने ध्वनिक्षेपकावर माझं नाव पुकारलं गेलं. खाली एका खोलीत आमची बॅग उघडी पडली होती. तिथल्या गणवेशातल्या तरुणाने नारळांकडे पाहिलंही नाही, त्याने खोबऱ्याच्या वाट्या तेवढ्या काढून घेतल्या आणि म्हणाला, "सर, ये नहीं जाएगा." का, तर नियम.

परतीच्या प्रवासात कंपनी दुसरी होती. व्याह्यांनी आमच्या बॅगेत उलट ओटीचं सामान भरलं होतं. त्यात नारळही होते आणि खोबरंही होतं. या वेळी काउंटरवरच नारळ बाहेर काढायला लावले. मोठ्या बॅगेतसुद्धा नाहीत! आणि खोबऱ्याच्या वाट्या मात्र कोणी न विचारता पुण्याला सुखरूप येऊन पोहोचल्या.

आईला हा वृत्तांत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "अरे, देवापुढे वाढवतो तो नारळ, त्याचं एवढं भय कसलं? आणि भय असेल तर जाताना नव्हतं आणि येताना कसं आलं?" मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. एकाच वेळी एखादी गोष्ट आहे आणि नाही असे म्हणता येत नाही, हे दर जूनमध्ये नव्या मुलांना समजावून देतो. त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. मग मी त्याचा शोध घेतला.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की विमानाला एक भय नसून दोन आहेत, आणि ती एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात. पहिले भय माणसाचे. कोणी हत्यार घेऊन वैमानिकाच्या मानेला लावील, कोणी स्फोटक आणील, हे ते भय. या भयाचा उपाय असा, की धोक्याची वस्तू माणसाच्या हातापासून दूर, विमानाच्या पोटात ठेवायची. म्हणून सुरी, मोठी कात्री, पेचकस मोठ्या बॅगेत. दुसरे भय वस्तूचे. कोणाच्या मनात काही वाईट नसताना वस्तू आपण होऊन पेटेल, गळेल, फुटेल, हे ते भय. याचा उपाय पुष्कळदा नेमका उलटा: वस्तू माणसाच्या डोळ्यांसमोर राहू द्या, म्हणजे पेटली तर कोणी विझवील. म्हणून मोबाइलचा पॉवर बँक हातातल्याच पिशवीत हवा, मोठ्या बॅगेत मुळीच चालत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या दोन भयांसाठी दोन वेगळी परिशिष्टे केली आहेत: सतरावे सुरक्षेचे, ते १९७४ साली स्वीकारले गेले, आणि अठरावे धोकादायक मालाचे, ते १९८१ साली. प्रवाशाला मात्र काउंटरवर एकच चित्रफलक दाखवतात. त्यावर कात्री आणि बॅटरी शेजारी शेजारी, दोघींवर लाल फुली. कोणती फुली कोणत्या भयाची, हे त्या फलकावर लिहिलेले मी तरी पाहिले नाही.

आता खोबऱ्याकडे येऊ. आपल्या घरातला हा निरुपद्रवी पदार्थ संयुक्त राष्ट्रसंघाच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे, असे सांगितले तर आपल्यापैकी अनेकांना खरे वाटणार नाही. पण आहे. त्याचा क्रमांक १३६३, आणि वर्ग ४.२, म्हणजे आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ. यात थट्टा नाही. वाळलेल्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते. ते नीट वाळलेले नसले, त्यात ओल राहिली, की बुरशी आणि जंतू वाढतात. त्यांच्या वाढीने उष्णता निर्माण होते. एखादी वाटी असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते. पण जहाजाच्या तळात खोबऱ्याची रास पडली असेल तर मधली ऊब बाहेर पडायला वाट मिळत नाही. गंजीतले ओले गवत आतून तापते हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. त्यात तेलाची भर पडली म्हणजे काय होईल याची कल्पना करावी. खोबऱ्याची वाहतूक करणाऱ्या जहाजांना हा धोका जुना, माहितीचा.

म्हणजे नियम खोटा नाही. तो राशीसाठी खरा आहे, आणि वाटीला लावला गेला आहे. आमच्या शास्त्रात याला दोष आहे: समूहाला जे लागू ते त्यातल्या प्रत्येकाला लागू धरणे. मौज अशी, की नियम करणाऱ्यांना प्रमाणाचा विवेक नाही असेही म्हणता येत नाही. पाऱ्याचे उदाहरण घ्या. पारा हा विमानाचा मोठा शत्रू. विमानाचे अंग बव्हंशी ॲल्युमिनियमचे, आणि ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर कुठे खरवडला गेला असेल तिथे पारा शिरला की धातू पोखरला जातो. तरी आंतरराष्ट्रीय नियमांत ताप मोजण्याचा एक थर्मामीटर, संरक्षक डबीत घालून, नेण्याची मुभा प्रवाशाला आहे. एक चालेल, पेटी चालणार नाही. हा शहाणपणा खोबऱ्याच्या वाट्याला आलेला नाही. याचे कारण माझ्या मते साधे आहे. यादी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खोबरे गोणीत पाहिले असावे, ओटीत पाहिले नसावे.

आणि नारळ? नारळ म्हणजे खोबरे नव्हे. ओल्या नारळाच्या पोटात पाणी असते. तो आपोआप पेटत नाही. आपल्याकडे तो हातातल्या सामानात नाकारतात, आणि कारण विचारले तर पुष्कळदा ज्वालाग्राही म्हणून सांगतात. पण एका घटनेवरून मला खरे कारण उमगले असे वाटते. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्र सरकारने शबरीमलाच्या यात्रेकरूंना त्यांच्या इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या दोन कप्प्यांच्या गाठोड्यातला नारळ विमानात हातात नेण्याची परवानगी दिली, २० जानेवारी २०२५पर्यंत. त्या नारळातले पाणी काढून आत तूप भरलेले असते. अय्यप्पाच्या अभिषेकासाठी ते न्यायचे. अट अशी, की क्ष-किरण तपासणी, स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या यंत्राची तपासणी आणि हाताने तपासणी, अशा तिन्ही तपासण्या व्हाव्यात. आता विचार करा. नारळ आपोआप पेटण्याचे भय असते, तर तो तीनदा तपासून काय उपयोग होता? तपासल्याने ज्वलनशीलता कमी होत नाही. भय आहे ते आत काही दडवले असेल याचे. म्हणजे नारळ पहिल्या भयाच्या खात्यात आहे आणि खोबरे दुसऱ्या. जाताना नारळ मोठ्या बॅगेत जाऊ दिले आणि खोबरे काढले, हे त्या मानाने बरोबर होते. परतीच्या वेळी दोघांची अदलाबदल झाली. काउंटरवर बसलेल्या माणसाला दोन खाती असल्याचे कोणी शिकवले नसेल तर त्याच्याकडून दुसरे काय होणार?

बॅटरीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. तिथे खरोखर माणसे मेली आहेत. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू जंबो विमानात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. माल पेटला, वैमानिकांच्या कक्षात धूर भरला, आणि परत फिरण्याच्या प्रयत्नात विमान कोसळून दोघेही वैमानिक गेले. या बॅटरीचा स्वभावच विचित्र आहे. एक कोश तापून फुटला की त्याची उष्णता शेजारच्या कोशाला पेटवते, मग तो पुढच्याला. मालाच्या कप्प्यात आग दाबणारा वायू सोडण्याची सोय असते, पण ही साखळी त्या वायूने खात्रीने तुटत नाही. तिला थंड करावे लागते, म्हणजे पाणी लागते, म्हणजे पाणी ओतणारा माणूस लागतो. म्हणून ती प्रवाशाजवळ. १ एप्रिल २०१६पासून प्रवासी विमानातून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा व्यापारी माल नेण्यास बंदी आली, तीही यामुळेच.

शंभर वॅट-तासांपर्यंतचा पॉवर बँक चालतो, शंभर ते एकशे साठपर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही: हा साधारण आंतरराष्ट्रीय दंडक. पण डबीवर आकडा असतो मिलि-अँपिअर-तासांचा. माझा एक विद्यार्थी 'वीस हजार' वाचून घाबरला आणि नवा कोरा पॉवर बँक विमानतळावर टाकून आला. त्या आकड्याला ३.७ने गुणावे आणि हजाराने भागावे. वीस हजाराचे ७४ वॅट-तास होतात, बिनधास्त न्यावा. सत्तावीस हजाराचे ९९.९ होतात, आणि एवढ्या क्षमतेचे पॉवर बँक बाजारात दिसतात ते नेमके याच हिशेबाने केलेले असतात.

येथवर सारे एका सुरात होते. मग २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या किम्हे विमानतळावर एअर बुसान कंपनीचे विमान उड्डाणापूर्वीच पेटले. आतले १७६ जण बाहेर पडले म्हणून वाचले. चौकशीत पॉवर बँकेतला बिघाड हे संभवनीय कारण म्हणून पुढे आले. त्यानंतर प्रत्येकाने आपापला नियम केला. कोरियाने १ मार्चपासून डोक्यावरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवण्यास मनाई केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून तो विमानात वापरण्यास मनाई केली. चीनने २८ जूनपासून आपल्या देशांतर्गत विमानांत स्वतःच्या प्रमाणचिन्हाचा शिक्का नसलेले पॉवर बँक बंद केले. एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून एकच न्या, पण वापरू नका, असे सांगितले. भय एकच, वर्षही एकच, नियम चार. मुंबईहून दुबई किंवा सिंगापूर गाठून पुढे जाणाऱ्या माणसाने यातला कोणता पाळावा? व्यवहारी उत्तर असे, की साखळीतला सर्वांत कडक नियम शोधावा आणि सगळ्या प्रवासभर तोच पाळावा. हे उत्तर मला स्वतःला आवडत नाही, पण दुसरे नाही.

हे असे का होते, याचे मूळ फार जुने आहे. विमान वाहतुकीचा जो आंतरराष्ट्रीय करार ७ डिसेंबर १९४४ला शिकागोत झाला, त्याच्या पस्तिसाव्या कलमात प्रत्येक देशाने एक हक्क आपल्याकडे राखून ठेवला आहे: सार्वजनिक सुव्यवस्था व सुरक्षितता यांसाठी आपल्या प्रदेशावरून कोणत्या वस्तू न्यायच्या नाहीत, हे आम्ही ठरवू. महायुद्ध चालू असतानाचा करार तो. दुसरे काही अपेक्षित नव्हते. पुढे एकसारखे नियम झाले, पण दाराला ही फट राहिलीच. धोकादायक मालाचा जो जाडजूड नियमग्रंथ विमान कंपन्यांची जागतिक संघटना दरवर्षी नव्याने काढते, त्यात देशांचे वेगळेपण आणि कंपन्यांचे वेगळेपण यांच्या स्वतंत्र याद्याच छापलेल्या असतात. म्हणजे विसंगती ही चूक म्हणून घडत नाही. ती नियमाचा भाग म्हणून छापली जाते.

म्हणून सिगारेट पेटवण्याचा एक लहान लायटर अमेरिकेत खिशात चालतो, भारतात तो ना खिशात ना बॅगेत. म्हणून शीख प्रवाशाला आपल्या देशांतर्गत विमानात सहा इंच पात्याची, एकूण नऊ इंचांची कृपाण नेता येते, आणि कॅनडात २०१७ साली मुभा मिळाली ती सहा सेंटिमीटर पात्याची. आकडा तोच सहा. इंच की सेंटिमीटर यात माणूस अडकायचा! अमेरिकेने २०१३च्या मार्चमध्ये लहान चाकूंना परवानगी जाहीर केली आणि विमानातल्या सेवकवर्गाने ओरड करताच जूनमध्ये ती अंमलात येण्यापूर्वीच मागे घेतली. सेवकवर्गाचे चुकले असे मी म्हणणार नाही. चाकू समोर आला तर तो आधी त्यांच्याच समोर येणार.

द्रवपदार्थांचा नियम तर सर्वांच्या अनुभवाचा. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये एक कट उघडकीस आला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके अटलांटिकपार जाणाऱ्या विमानांत न्यायची होती. त्या दिवसांत बाळाचे दूध नेणाऱ्या आयांना ते तपासनिसासमोर स्वतः चाखून दाखवावे लागले. पुढे शंभर मिलिलिटरांची मर्यादा आली. ती तात्पुरती असावी असे तेव्हा वाटले होते. तिने दोन दशके पाहिली. आता आतला पदार्थ ओळखणारी नवी यंत्रे आली आहेत. ब्रिटनमधल्या काही विमानतळांनी त्यांच्या भरवशावर दोन लिटरपर्यंत मुभा दिली, जून २०२४मध्ये सरकारने ती काढून घेतली, आणि जुलै २०२५मध्ये एडिंबरा व बर्मिंगहॅम येथे ती पुन्हा आली. यंत्र तेच, बाटली तीच.

शिवाय द्रव म्हणजे काय? तूप थंडीत घट्ट, उन्हाळ्यात पातळ. श्रीखंडाचे काय? अमेरिकन तपासनिसांच्या लेखी शेंगदाण्याचे लोणीसुद्धा द्रव आहे, कारण त्याला स्वतःचा आकार नाही, भांड्याचा आकार ते घेते. व्याख्या वाईट नाही. पण मग कणकेचा गोळा? जाऊ द्या, वर्गात हा प्रश्न काढला तर तास संपत नाही.

मला खटकते ती आणखी एक गोष्ट. संशयित म्हणून काढून घेतलेल्या बाटल्या तपासणीच्या टेबलाशेजारी एकाच पिंपात टाकलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या पिंपाभोवती दोनशे माणसे रांगेत उभी. ते स्फोटक असण्याची शक्यता कोणी मनापासून धरली असती, तर पिंप तिथे असते का? नियम पाळणाऱ्याचाच नियमावर विश्वास नाही असे दिसले, की प्रवासी दुसरे काही शिकतो. तो लपवायला शिकतो. खोबरे कपड्यांच्या घडीत, बॅटरी बुटात.

आणि लपवलेल्या मालाने काय होते, याचा दाखला आहे. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत मायामीहून निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान दलदलीत कोसळले. ११० माणसे गेली. त्याच्या मालकप्प्यात प्राणवायू निर्माण करणारी जुनी नळकांडी होती. तशी ती न्यायची नव्हती. पण कागदावर ती रिकामी म्हणून दाखवली गेली. ती रिकामी नव्हती. त्यात हेतू वाईट असल्याचे दिसत नाही. नाव चुकीचे लिहिले गेले, एवढेच. ज्याला आपण बाबूगिरी म्हणून हसतो तो कागद तिथे खरा असता, तर ते विमान उतरले असते. म्हणून मी नियमांविरुद्ध बोलायला उभा नाही. माझे मागणे लहान आहे. वस्तू नाकाराल तेव्हा कारण सांगा: पेटेल म्हणून, की दडवता येईल म्हणून. दोन शब्द. कारण कळले की माणूस नियम स्वतःच लावू शकतो, फलकावर चित्र नसलेल्या वस्तूलाही.

जाता जाता परदेशी पार्सल करणाऱ्या आयांसाठी एक गोष्ट. दुबई किंवा सिंगापूरला मुलाकडे जाताना अनारसे नेणार असाल तर खसखस वगळा. ती अफूच्या झाडाची म्हणून तिथे मादक पदार्थांच्या कायद्यात येते, आणि तिथले कायदे कडक आहेत. हा विमान कंपनीचा नियम नव्हे, म्हणून तिच्या फलकावर तो सापडणार नाही. अनारसे खसखशीवाचून करता येतात, तीळ लावून.

हे सगळे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकले. राशीची आणि वाटीची गोष्ट तिला पटली; कोकणात लहानपणी तिने खोबऱ्याचा तापलेला ढीग हाताने उपसलेला आहे, तो आतून चुलीसारखा ऊन लागे म्हणाली. मग तिने विचारले, "वाटी नाही, तर किसून, भाजून, लसूण घालून चटणी केली तर? ती तर कोरडी. तिला काय म्हणायचं?"

मी दोन्ही विमान कंपन्यांना पत्र लिहिले. एकीकडून उत्तर आले, की या बाबतीत काउंटरवरील अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहील. दुसरीचे अजून यायचे आहे. चटणी मात्र तयार झाली आहे.